मानसोपचार आणि सरकारी आरोग्य विमा : दुर्गाघाटच्या मराठी कुटुंबांच्या निमित्ताने

काशीच्या उत्तरेकडील घाटांवर पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट असा एक सलग मराठी मुलूख आहे. अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकर यांच्यासारख्या विद्वानांच्या मागोमाग येथे महाराष्ट्रातील वैदिक, पुरोहित आणि आश्रित कुटुंबे वसली. पेशवे आणि त्यांचे सरदार यांच्या आश्रयाने वाडे उभे राहिले. आजही या गल्ल्यांत मराठी कानी पडते, गणेशोत्सव होतो आणि वेदपठण चालते. मात्र वाड्यांतील माणसे कमी झाली. तरुण मुले नोकरीसाठी दूर गेली आणि कित्येक घरांत सत्तरी ओलांडलेली एक-दोन माणसेच उरली. अशा घरांत मनाचा आजार शिरला म्हणजे तो लवकर ओळखला जात नाही. आणि ओळखला गेला तरी पुढचा प्रश्न उभा राहतो : उपचार कोठे घ्यावेत आणि त्यांचा खर्च कोणी द्यावा?

बँकेच्या काउंटरवर हा प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडण्याचा अर्ज, पेन्शनच्या खात्यावरील वाढती उचल, दागिन्यांवरील कर्ज यांमागे पुष्कळदा घरातील आजारपण असते. हृदयविकार असेल तर ग्राहक मोकळेपणाने सांगतो. मनोविकार असेल तर 'घरगुती अडचण' एवढेच म्हणतो. विशेष म्हणजे यांपैकी कित्येकांजवळ एखादे सरकारी आरोग्य कार्ड असते आणि ते कसे वापरावे हे ठाऊक नसल्याने ते कपाटात पडून राहते. प्रस्तुत लेखात या कार्डांचा आणि मानसोपचाराचा मेळ कसा घालावा, याचा विचार करावयाचा आहे.

प्रश्नाचे स्वरूप

बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. उत्तर प्रदेशाचाही त्यात समावेश होता. त्या पाहणीनुसार प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के व्यक्तींना कोणता ना कोणता मनोविकार होता. त्याहून गंभीर आकडा उपचारांचा आहे. निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. याची तीन कारणे आपल्याभोवती सहज दिसतात : लोकलज्जा, तज्ज्ञांची कमतरता आणि खर्चाची भीती. यांपैकी पहिले कारण समाजाने दूर करावयाचे आहे, दुसरे शासनाने. तिसऱ्याबाबत मात्र योग्य माहिती मिळाली तर सामान्य कुटुंबालाही बरेच काही करता येते.

प्रथम डॉक्टर कोण, हे समजून घ्यावे

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस झाल्यानंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर होय. औषधे लिहून देण्याचा आणि रुग्णाला दाखल करून घेण्याचा अधिकार त्याला असतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ हा डॉक्टर नसतो. भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी असते. मानसिक चाचण्या आणि संवादातून उपचार हे त्याचे क्षेत्र. समुपदेशक हा तिसरा. तिघांचेही काम मोलाचे आहे. परंतु विमा योजनेतील दाखल होण्याची मंजुरी सामान्यतः मनोविकारतज्ज्ञाच्या कागदावरच मिळते. म्हणून पाटीवरील नावापुढील पदवी वाचावी. शंका आल्यास राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडील नोंदणी क्रमांक विचारण्यास संकोच करू नये.

मूळ गैरसमज : कार्ड दाखवले की तपासणी मोफत

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. पात्र कुटुंबास दरवर्षी ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार या योजनेत रोख रक्कम न भरता मिळतात. कुटुंबातील माणसांच्या संख्येला मर्यादा नाही आणि पूर्वीपासून असलेले आजारही पहिल्या दिवसापासून धरले जातात. मनोविकार ही योजनेतील एक स्वतंत्र शाखा आहे. स्किझोफ्रेनिया, मनोदशेचे विकार, ताणतणावातून उद्भवणारे विकार, व्यसनजन्य विकार, बौद्धिक अक्षमता इत्यादींवरील उपचार आणि विद्युत उपचार तीत येतात.

तथापि ही योजना रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी परतल्यानंतरचे १५ दिवस यांतील तपासण्या व औषधे तीत समाविष्ट असतात. बाह्यरुग्ण विभागातील नेहमीची तपासणी मात्र तीत येत नाही. मनोविकाराच्या बहुतेक रुग्णांना दाखल होण्याची गरजच पडत नाही. त्यांना महिन्या-दोन महिन्यांनी डॉक्टरांना भेटावे लागते आणि औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. त्यामुळे कार्ड घेऊन खासगी दवाखान्यात गेलेल्या ग्राहकाला नकार मिळतो. मग 'योजना कागदावरच आहे' असे म्हणून तो उपचारच सोडून देतो. येथे खरे नुकसान होते.

यावरून एक साधे सूत्र निघते. नेहमीच्या उपचारांसाठी सरकारी रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आणि दाखल होण्याची वेळ आली तर कार्ड, अशा दोन वाटा वेगळ्या समजाव्यात.

दुर्गाघाटावरून कोठे जावे

दुर्गाघाटच्या गल्ल्यांत वाहन शिरत नाही. रुग्णाला मैदागिनपर्यंत पायी अथवा उचलून आणावे लागते, हे प्रथम लक्षात घ्यावे. तेथून चार ठिकाणे विचारात घेण्याजोगी आहेत.

१) कबीरचौरा येथील श्री शिवप्रसाद गुप्त मंडलीय जिल्हा रुग्णालय. मैदागिनपासून हे सर्वांत जवळ. १९९६ साली सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमान्वये जिल्हा पातळीवर मनोविकारांची बाह्यरुग्ण सेवा देण्याची व्यवस्था आहे आणि उत्तर प्रदेशातील अनेक जिल्हा रुग्णालयांत 'मन कक्ष' या नावाने समुपदेशन चालते. जाण्यापूर्वी तज्ज्ञ कोणत्या वारी बसतात, एवढे विचारून घ्यावे.

२) पांडेपूर येथील मानसिक चिकित्सालय. आग्रा व बरेली येथील संस्थांप्रमाणेच हे राज्याचे जुने मनोरुग्णालय आहे. नाव ऐकताच पुष्कळांच्या मनात भिंती आणि साखळ्या उभ्या राहतात. येथे बाह्यरुग्ण विभाग आहे आणि तपासून, औषध घेऊन त्याच दिवशी घरी परतता येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

३) काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या वैद्यकीय विज्ञान संस्थेतील मनोविकार विभाग, म्हणजेच सर सुंदरलाल रुग्णालय. अंतर अधिक आणि गर्दीही मोठी. परंतु मेंदूविकार, हृदयविकार आदी अन्य शाखा एकाच आवारात असल्याने वृद्धांसाठी सोयीचे. विस्मरण वाढत जाणे, अकस्मात भ्रमिष्टपणा येणे अशा तक्रारींमागे शारीरिक कारण असू शकते. तेव्हा सर्व तपासण्या एका ठिकाणी होणे हिताचे असते.

४) पांडेपूर येथील कर्मचारी राज्य विमा रुग्णालय. याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

प्रवास शक्य नसेल, वा आजार आहे की नाही याचाच निश्चय होत नसेल, तर १४४१६ या क्रमांकावर 'टेली मानस' ही केंद्र शासनाची विनामूल्य सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सेवा अहोरात्र चालते आणि वीस भाषांतून दिली जाते. प्रारंभीच भाषा निवडावयाची असते. आयुष्यभर बाजारात हिंदी बोललेली आजीदेखील 'जीव घाबरा होतो', 'छातीत धडधडते', 'कशातच मन रमत नाही' हे आपल्या भाषेतच नेमके सांगू शकते. म्हणून प्रत्यक्ष दवाखान्यात जातानाही घरातील एका माणसाने सोबत असावे आणि रुग्णाचे शब्द शक्यतो तसेच्या तसे डॉक्टरांपर्यंत पोहोचवावेत.

कोणते कार्ड कोणते दार उघडते

एक कल्पित कुटुंब घेऊ. वाड्यात ७४ वर्षांच्या आजी आहेत. यजमानांच्या निधनापासून त्या अबोल झाल्या आहेत आणि त्यांनी जेवण कमी केले आहे. त्यांचा मुलगा साड्यांच्या एका पेढीत १८,००० रुपये पगारावर हिशेबनीस आहे. सून घर सांभाळते. १९ वर्षांच्या नातीला गेले आठ दिवस झोप नाही, ती अखंड बोलते आणि उधळेपणाने वागते.

आजींसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न लावता, वार्षिक ५ लाख रुपयांचे संरक्षण मिळू लागले. कुटुंब आधीच योजनेत असेल तर ज्येष्ठांसाठी ही रक्कम वेगळी मिळते. खासगी विमा अथवा कर्मचारी राज्य विमा असला तरी हे कार्ड काढता येते. केंद्र सरकारची आरोग्य योजना किंवा माजी सैनिकांची योजना असणाऱ्यांना मात्र दोहोंपैकी एकीची निवड करावी लागते. वयाचा पुरावा आधारवरून घेतला जातो. सबब आधारवरील जन्मसाल चुकले असेल तर ते आधी दुरुस्त करावे. आजींना तूर्त दाखल करण्याची गरज नसेल तर त्यांची तपासणी कबीरचौरा वा पांडेपूर येथील बाह्यरुग्ण विभागात करावी आणि कार्ड तयार ठेवावे.

नातीचे दार निराळे. मुलाचा पगार दरमहा २१,००० रुपयांच्या आत आहे. त्याच्या पेढीत दहा किंवा अधिक माणसे असून ती कर्मचारी राज्य विम्याखाली येत असेल, तर त्याच्या पगारातून ०.७५ टक्का आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी जमा होते. या विम्याचे मोठे वैशिष्ट्य असे की त्यात बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधेही येतात. पत्नी, अविवाहित मुलगी आणि अटी पूर्ण होत असल्यास अवलंबून असलेले आईवडील यांनाही त्याचा लाभ मिळतो. प्रथम नेमून दिलेल्या दवाखान्यात जावे. तेथून तज्ज्ञाकडे चिठ्ठी मिळते. तज्ज्ञ रुग्णालयातच असतील तर तेथे, अन्यथा संलग्न रुग्णालयात पाठवले जाते. म्हणजे नियमित मानसोपचाराचा खर्च उचलणारा सरकारी विमा या घरात आधीपासूनच आहे. केवळ तो त्या कामासाठी वापरता येतो हे घरात कोणी जाणत नाही.

उद्या मुलगाच आजारी पडला तर? आजारपणाच्या रजेत या विम्यातून पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत मिळते. १८,००० रुपयांवर ती महिन्याला सुमारे १२,६०० रुपये होते. स्किझोफ्रेनियासारख्या काही दीर्घ मनोविकारांचा समावेश विस्तारित लाभाच्या यादीत आहे. पात्रतेच्या अटी पूर्ण होत असतील तर तो लाभ ८० टक्के दराने, म्हणजे येथे सुमारे १४,४०० रुपये, दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. कमावत्या माणसाचा मनोविकार घराला दोन बाजूंनी मारतो, खर्च वाढतो आणि उत्पन्न थांबते. म्हणून ही तरतूद प्रत्येक पगारदाराने लक्षात ठेवावी.

याखेरीज स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता वा बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' योजना आहे. १ लाख रुपयांपर्यंतच्या या विम्यात बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपी यांचाही समावेश आहे. अशा मुलांच्या पालकांनी तिची चौकशी अवश्य करावी.

महाराष्ट्रातून काशीला आलेल्यांसाठी

सुट्टीत वा तीर्थयात्रेनिमित्त आलेल्या आप्तांपैकी एखाद्याला येथेच त्रास सुरू होतो. आयुष्मान कार्ड देशभर संलग्न रुग्णालयांत चालते. महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांना ५ लाखांपर्यंत खुली झाली. पण जे कुटुंब केवळ राज्याच्या योजनेत आहे, केंद्राच्या यादीत नाही, त्यास वाराणसीत त्या कार्डाच्या भरवशावर राहता येणार नाही. त्यांनी येथे सरकारी रुग्णालयात तातडीचा उपचार घ्यावा आणि पुढील उपचार महाराष्ट्रात चालू ठेवावेत. तेथे येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. राज्य योजनेचा मदत क्रमांक १५५३८८ आहे.

दाखल करावयाचे असल्यास

पुढील क्रमाने जावे म्हणजे धावपळ वाचते.

१) योजनेच्या संकेतस्थळावर अथवा आयुष्मान अ‍ॅपवर जिल्हा निवडून रुग्णालयांची यादी पाहावी, ते न जमल्यास १४५५५ या क्रमांकावर विचारावे.

२) रुग्णालय संलग्न आहे एवढे पुरेसे नाही. संलग्नता शाखेनुसार असते. तेव्हा 'मनोविकार शाखा योजनेत नोंदलेली आहे काय आणि आज खाट उपलब्ध आहे काय' हे दोन्ही प्रश्न विचारावेत. मोतीबिंदूसाठी कार्ड घेणारे रुग्णालय मनोविकारासाठी ते घेईलच असे नाही.

३) रुग्णालयातील 'आयुष्मान मित्र' कक्षात आधार, कार्ड आणि डॉक्टरांची चिठ्ठी द्यावी. मनोविकारांचे बहुतेक उपचार दिवसागणिक दराने मंजूर होतात. मुक्काम वाढल्यास मंजुरीही वाढवून घ्यावी लागते. मंजुरी किती दिवसांची आहे, याची नोंद ठेवावी.

४) कोणी पैसे मागितल्यास पावती मागावी आणि १४५५५ वर तक्रार नोंदवावी. कार्ड काढून देतो म्हणून दारात उभ्या असलेल्या मध्यस्थांना काही देऊ नये.

५) रुग्ण स्वतःला वा इतरांना इजा करील असे वाटल्यास कार्डाचा शोध घेत बसू नये. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि जवळचे सरकारी रुग्णालय गाठावे. मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशा वेळी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचा उपचार करू शकतो. कागद मागाहून आणता येतात.

कायदा काय म्हणतो

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम १८ नुसार शासनाच्या मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा नागरिकाचा अधिकार आहे. दारिद्र्यरेषेखालील, निराधार वा बेघर व्यक्तीस, तिच्याजवळ तसे कार्ड असो वा नसो, सरकारी संस्थेत विनामूल्य उपचार मिळावयास हवेत. काशीवासासाठी येऊन एकाकी राहिलेल्या वृद्धांच्या बाबतीत या तरतुदीचे मोल फार आहे. कलम २१ अन्वये प्रत्येक विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण दिले पाहिजे. रुग्णवाहिकाही दोन्ही प्रकारच्या रुग्णांना समान रीतीने मिळाली पाहिजे.

ज्यांनी सार्वजनिक क्षेत्रातील वा अन्य विमा कंपनीची पॉलिसी घेतली आहे, त्यांना हे कलम २१ उपयोगी पडते. विमा नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना याचे पालन करण्यास सांगितले आणि २०२२ मध्ये पुन्हा बजावले. २०२१ साली दिल्ली उच्च न्यायालयानेही मनोविकाराचा दावा नाकारणाऱ्या कंपनीविरुद्ध निकाल देताना हेच तत्त्व उचलून धरले. तरीही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्च आहे की नाही हे वाचून घ्यावे. आणि प्रस्तावपत्रात पूर्वीचा मनोविकार लपवू नये. सोयरिकीच्या भीतीने लपविलेला आजार दाव्याच्या वेळी औषधांच्या जुन्या चिठ्ठ्यांतून उघड होतो आणि दावा फेटाळला जातो. आजार सांगितल्यास फार तर प्रतीक्षाकाळ लागतो. पूर्वीच्या आजारांसाठी तो तीन वर्षांहून अधिक असू शकत नाही. दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. वाराणसीसाठी हे कार्यालय लखनौ येथे आहे.

बँक कर्मचाऱ्यांच्या सामूहिक वैद्यकीय विम्यात मनोविकाराचा खर्च दाखल न होताही मान्य होण्याची तरतूद आहे. सहकाऱ्यांनी आपल्या चालू पॉलिसीची प्रत काढून त्यातील अटी व मर्यादा तपासाव्यात. असा दावा केल्याने बढतीवर परिणाम होईल या धास्तीने अनेकजण तो करीतच नाहीत. उपचारांविषयीची गोपनीयता हा कायद्याने दिलेला अधिकार आहे, हे येथे नमूद करणे आवश्यक वाटते.

खर्चाचे नियोजन

मनोविकारात मोठे बिल क्वचित येते. लहान खर्च मात्र वर्षानुवर्षे चालतो. बरे वाटू लागताच औषध बंद केले जाते, आजार उलटतो आणि मग दाखल करण्याची पाळी येते. म्हणून सरकारी रुग्णालयात न मिळणारी औषधे जनौषधी केंद्रातून घ्यावीत. तेथे ती मूळ नावाने आणि बरीच स्वस्त मिळतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून मागावे. घरात एक वही ठेवून तीत तपासणीची तारीख, औषध, मात्रा आणि पुढील भेट लिहावी. डॉक्टर बदलले, गाव बदलले किंवा दावा करावयाचा झाला, तरी ही वही आणि चिठ्ठ्या उपयोगी पडतात. शक्य असल्यास औषधांसाठी दरमहा ठरावीक रक्कम आवर्ती ठेवीत टाकावी, म्हणजे मुदत ठेव मोडण्याची वेळ येत नाही.

या महिन्यात प्रत्येक वाचकाने घरातील आरोग्य कार्डे एकत्र काढावीत. प्रत्येक कार्डावर कोणाचे नाव आहे, त्यात बाह्यरुग्ण खर्च येतो की नाही आणि मनोविकारासाठी ते कोणत्या रुग्णालयात चालते, या तीन गोष्टी एका कागदावर लिहून तो कागद कार्डांसोबत ठेवावा. शेजारच्या वाड्यात एखादी वृद्ध व्यक्ती एकटी राहत असेल तर तिचाही कागद आपणच लिहून द्यावा. आजार दारात आल्यावर ही माहिती गोळा करण्याइतके त्राण घरात पुष्कळदा उरलेले नसते.